वजन वाढले, पण दंड वाळले

प्रश्न : आमचे आप्पा ६१ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना लिव्हर सिरॉसिस (यकृत घट्ट होऊन निकामी होत जाण्याचा आजार) असल्याचे निदान झाले. आजारापूर्वी त्यांचे वजन ५८ किलो होते, ते आता ६४ किलो भरते. पोट घट्ट फुगलेले आहे आणि दोन्ही पायांना सूज आहे. तरीही बेळगावच्या डॉक्टरांनी या वेळी ‘कुपोषण’ असे लिहून दिले आहे. रक्तात अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) २.६ आले. भावकीतले लोक डाळ, अंडी, दूध बंद करायला सांगतात. वजन वाढत असताना कुपोषण कसे? – एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी लिहिले ते बरोबर आहे. आप्पांचे जे वजन वाढले, ते अंगाचे नसून पाण्याचे आहे. जलोदर (पोटात पाणी साचणे) आणि पायांची सूज असलेल्या रुग्णाच्या वजनातून ढोबळमानाने काही हिस्सा वजा करण्याची पद्धत आहे : जलोदर थोडा असेल तर ५ टक्के, मध्यम असेल तर १०, पोट घट्ट ताणलेले असेल तर १५, आणि दोन्ही पाय सुजलेले असतील तर आणखी ५. आप्पांसाठी २० टक्के धरले, तर ६४ किलोंतील खरे वजन ५१ किलोंच्या आसपास उरते, म्हणजे आजारापूर्वीपेक्षा सुमारे सात किलो कमी. पत्रात उंची दिलेली नाही, पण ती १६५ सेंटिमीटर धरली तर काट्यावरच्या वजनानुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) साडेतेवीस, म्हणजे अगदी ठीक दिसतो आणि पाणी वजा केल्यावर १८.८ वर येतो. हा अंदाजच आहे, परंतु नुसत्या काट्यापेक्षा तो पुष्कळ अधिक भरवशाचा आहे.

अल्ब्युमिनबद्दलही एक गैरसमज सर्रास दिसतो. ते यकृतातच तयार होते, त्यामुळे यकृत थकले किंवा अंगात जंतुसंसर्ग झाला की खाणेपिणे उत्तम असूनही ते उतरते. म्हणून २.६ हा आकडा आजाराची तीव्रता सांगतो. पोषणाचा निवाडा एकट्या त्यावरून करू नये.

मग पाहायचे काय? स्नायू. आप्पांना बनियनवर उजेडात बसवून पाहा : कानशिले खोल गेली आहेत का, गळ्याखालची हाडे वर आली आहेत का, खांद्याची गोलाई जाऊन कोपरा दिसू लागला आहे का. पोट घागरीसारखे आणि दंड काटकीसारखे, हे चित्र ज्या घराने जवळून पाहिले आहे त्याला ते समजावून सांगावे लागत नाही. शिंप्याच्या फितीने खांद्याचे हाड आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला असताना, दंडाचा घेर मोजावा; दर महिन्याला तोच हात, तीच जागा. दवाखान्यात याच्या जोडीला दंडामागची कातडी चिमट्यात धरून चरबीची जाडी मोजतात आणि त्यावरून स्नायूचा घेर काढतात. मुठीची ताकद मोजणारे यंत्र असेल तर फारच चांगले. आशियाई पुरुषांत ती २८ किलोंपेक्षा कमी भरली तर ताकद घटली असे मानतात. घरी एवढे करता येईल : हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठायला लावावे, मात्र कोणीतरी शेजारी उभे राहावे. पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागला तर पाय अशक्त झाले आहेत असे समजावे. पोटाचा सीटी स्कॅन आधीच झालेला असेल, तर त्यावरूनही कमरेजवळच्या स्नायूंचे माप काढता येते. केवळ त्यासाठी नवा स्कॅन मात्र करू नये.

डाळ, अंडी, दूध बंद करण्याचा सल्ला जुना आहे आणि अपायकारक आहे. युरोपातील यकृततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सिरॉसिसच्या रुग्णाला रोज किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि किमान ३५ कॅलरी मिळायला हव्यात, आणि यकृत बिघडल्यामुळे भ्रम होण्याचा त्रास असला तरी प्रथिने तोडू नयेत. आप्पांसाठी हा हिशेब सूज वजा केलेल्या ५१ किलोंवर केला, तर साधारण ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने होतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे नुसत्या भात-आमटीवर भागणार नाही हे कळते. मीठ मात्र खरोखरच कमी करायला हवे : लोणचे, पापड, सुकी मासळी बंद. तरीही जेवण इतके अळणी करू नये की ताटच परत जाईल.

आमच्या भागात वारकरी घरे पुष्कळ, म्हणून हे मुद्दाम लिहितो. या आजारात यकृतातला साखरेचा साठा आटलेला असतो, त्यामुळे निरोग्याचे शरीर दोन-तीन दिवसांच्या उपाशीपणानंतर ज्या अवस्थेला पोहोचते, तिथे हे रुग्ण एका रात्रीत पोहोचतात आणि स्नायू जाळून गरज भागवू लागतात. तेव्हा आप्पांची एकादशी सध्या घरातल्या दुसऱ्या कोणी धरावी. त्यांनी झोपण्यापूर्वी दुधात कुस्करलेली नाचणीची भाकरी खावी आणि सकाळी उठल्यावर लगेच काहीतरी खावे. मधुमेह असेल तर या रात्रीच्या खाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

पुढच्या तपासणीला जाताना एका वहीत तीन दिवसांचे खाणे लिहून न्या, आणि ताटात वाढलेले नव्हे, पोटात गेलेले लिहा. त्याच पानावर दंडाचा घेर आणि खुर्चीचे सेकंद टिपा. पोटातले पाणी काढले असेल तर किती लिटर आणि कोणत्या तारखेला, हेही लिहा. नाहीतर त्या आठवड्यात उतरलेले वजन पाहून घरात उगीच घबराट होईल.