टायबेरियस खरा कोणता: व्हेलियसने पाहिलेला की टॅसिटसने रंगवलेला?

तुमचा प्रश्न असा की रोमचा सम्राट टायबेरियस (कारकीर्द इ.स. १४ ते ३७) एका इतिहासकाराच्या लेखी देवमाणूस आणि दुसऱ्याच्या लेखी ढोंगी जुलमी, हे कसं? मी या जुन्या रोमन इतिहासकारांना बरीच वर्षं वाचतोय, आणि माझ्या मते कोण कुठे बसून बघत होता, ते आधी पाहायला हवं.

स्तुती करणारा इतिहासकार व्हेलियस पॅटरक्युलस, टायबेरियस सम्राट होण्याआधी, त्याच्या हाताखाली जर्मेनिया आणि पॅनोनिया (डॅन्यूब नदीकाठचा प्रदेश) इथल्या मोहिमांत लष्करी अधिकारी होता. तो सांगतो, मोहिमेत कुणी आजारी पडला की टायबेरियसची स्वतःची पालखी, त्याचा वैद्य, त्याचा मुदपाकखाना, त्याचं स्नानाचं सामान, सगळं त्या आजाऱ्याच्या दिमतीला असे. त्या पालखीचा लाभ आपणही घेतलाय, असंही तो लिहितो. हे वाचताना मला दरवेळी भरून येतं, कारण ही ऐकीव स्तुती नाही. पण त्याने हे लिहिलं इ.स. ३० च्या सुमारास, सम्राट हयात असताना. त्याच पुस्तकात सम्राटाच्या अंगरक्षक दलाचा प्रमुख सेजानस याचेही गोडवे आहेत, आणि पुढच्याच वर्षी टायबेरियसने सेजानसला संपवलं.

टायबेरियसला ढोंगी जुलमी ठरवणारा टॅसिटस जन्मला तो त्याच्या मृत्यूनंतर जवळपास वीस वर्षांनी. तो सिनेटर, म्हणजे रोमच्या वरिष्ठ सभेचा सदस्य. पुढचा जुलमी सम्राट डोमिशियन याच्या राजवटीत ओळखीपाळखीची माणसं संपताना त्याने पाहिली होती, गप्पही बसला होता. म्हणून टायबेरियसच्या काळातले राजद्रोहाचे खटले त्याला विसरता येत नाहीत. क्रेमुटियस कॉर्डसचंच बघा. ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटसची स्तुती केली आणि कॅशियसला ‘शेवटचा रोमन’ म्हटलं, म्हणून इ.स. २५ मध्ये या इतिहासकारावर खटला झाला. त्याने अन्नत्याग करून प्राण सोडला, पुस्तकं जाळायचा हुकूम निघाला. टॅसिटस हे लिहितो तेव्हा तो आपल्याच जातकुळीच्या माणसाबद्दल बोलत असतो.

तरी तो घटना दडवत नाही. इ.स. १७ च्या भूकंपात आशिया प्रांतातली (आजचा पश्चिम तुर्कस्तान) बारा शहरं कोसळली, तेव्हा टायबेरियसने त्यांतल्या एकट्या सार्डिसला एक कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) देऊ केले आणि पाच वर्षांचा कर माफ केला, हे आपल्याला टॅसिटसच सांगतो. पहिली काही वर्षं कारभार चांगला होता, हेही मान्य करतो. गोम असते ती हेतूंत: टायबेरियसने काय केलं हे सांगता सांगता त्याच्या मनात काय होतं, हेही तोच सांगून टाकतो. मी वाचताना ती वाक्यं बाजूला काढतो.

तिसरा लेखक, सम्राटांची चरित्रं लिहिणारा स्युटोनियस, वर्षवार जात नाही, गुणदोषांचे कप्पे करतो. टायबेरियस शेवटची वर्षं जिथे राहिला त्या काप्री बेटाच्या कड्यावरून चढून आलेल्या कोळ्याने भेट म्हणून मोठा मासा पुढे केला, तर दचकलेल्या सम्राटाने तोच त्याच्या तोंडावर घासायला लावला, ही गोष्ट त्याची. त्याच्या कानावर आलेलं खूपसं तो गाळत नाही. पण त्याचाच फायदा मृत्यूच्या प्रसंगी होतो. टॅसिटसच्या मते सेजानसनंतर अंगरक्षक दलाचा प्रमुख झालेल्या मॅक्रोच्या हुकमावरून म्हाताऱ्याला पांघरुणांखाली गुदमरवलं. स्युटोनियस विष, उपासमार, उशी अशा वदंता एकापुढे एक ठेवतो आणि शेवटी लेखक सेनेकाचं म्हणणं देतो: सम्राटाने नोकरांना हाक मारली, कुणी ओ दिली नाही, तो उठला आणि पलंगाजवळच कोसळला. सेनेका त्या वेळी हयात, वयाने मोठा माणूस होता. या एका बाबतीत माझा विश्वास त्याच्यावर आहे.