पहिला सहगुणक शून्याकडे गेला की एक मूळ कुठे जाते?

आपला प्रश्न असा आहे की अक्ष² + बक्ष + क = ० या समीकरणात अ शून्याकडे गेला की एक मूळ अनंताकडे जाते असे सांगतात, पण सूत्रात अ = ० ठेवले तर छेदच शून्य होतो; मग त्या विधानाला आधार काय?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात दहावीला गणित शिकवतो आणि हा प्रश्न आधी शेतात नेतो. कपाशीचे दोन तास, म्हणजे दोन ओळी, धुऱ्यापाशी (शेताच्या बांधापाशी) एकमेकांपासून ४ फुटांवर असून दर १०० फुटांना १ फुटाने जवळ येत असतील, तर ते ४०० फुटांवर मिळतील; १ इंचानेच येत असतील, तर ४,८०० फुटांवर, म्हणजे शेत संपून कितीतरी पुढे. तास समांतर झाले की मिळण्याची जागाच उरत नाही, आणि तिरपेपणा किंचित उलटला की ती जागा आपल्या पाठीमागे, तितकीच दूर, निघते.

वर्गसमीकरणातही हेच घडते. अक्ष² − ५क्ष + ६ = ० घ्या. अ = १ असताना मुळे २ आणि ३ आहेत; अ = ०.१ केल्यास ती सुमारे १.२३ आणि ४८.७७ होतात, तर अ = ०.०१ केल्यास १.२०३ आणि ४९८.८. लहान मूळ ५क्ष = ६ च्या उत्तराकडे, म्हणजे १.२ कडे, स्थिरावते. अ = −०.०१ घेतल्यास मोठे मूळ −५०१.२ होते, म्हणजे ते पाठीमागच्या बाजूला गेलेले असते.

आधार मात्र सूत्रात शोधू नये, समीकरण उलटवून पाहावे. क शून्य नसेल तर क्ष = १/य ठेवून कय² + बय + अ = ० मिळते, आणि येथे अ = ० ठेवायला कोणतीच अडचण येत नाही: य चे एक मूळ शून्य होते. य शून्याजवळ येणे म्हणजेच क्ष अनंताकडे जाणे. माझ्या मते पाठ्यपुस्तकात ही एवढी एक ओळ असायलाच हवी.

याच रीतीने मुळे मोजताही येतात. वरच्या घातांचे जितके सहगुणक एकाच वेळी शून्याकडे जातात आणि त्यांच्या लगतचा शून्येतर राहतो, तितकीच मुळे अनंताकडे जातात. ती वास्तव असतीलच असे नाही: अक्ष³ + क्ष − १ = ० मध्ये (येथे क्ष² चा सहगुणक आधीच शून्य आहे) अ धन ठेवून शून्याकडे नेल्यास एक मूळ १ कडे जाते आणि उरलेली दोन संमिश्र मुळे दूर जातात, पण त्यांचे केवलमूल्य, म्हणजे शून्यापासूनचे अंतर, १/अ च्या नव्हे, १/√अ च्या वेगाने वाढते; अ = ०.०१ असताना ते सुमारे १० असते.