सेयिनवर एवढ्यात शिक्का नको

तुमचा प्रश्न असा की विल हॉवर्ड गेल्यावर आलेल्या ज्युलियन सेयिनला ओहायो स्टेटची (विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉल टीम) जबाबदारी झेपेल का, आणि टेक्ससविरुद्ध जेमतेम १२६ यार्ड टाकणारा क्वार्टरबॅक (पास टाकून चाल चालवणारा खेळाडू) गेल्या सीझनचं टायटल राखणार कसा. माझं मत विचाराल तर शनिवारच्या (३० ऑगस्ट २०२५) गेमवरून सेयिनबद्दल फारसं काही कळलंच नाही. कळलं ते कोच रायन डेबद्दल.

आकडेच बघा. २० पैकी १३ पास पूर्ण, एक टचडाउन, इंटरसेप्शन (समोरच्यांनी पकडलेला पास) शून्य. १२६ पैकी ४० यार्ड चौथ्या क्वार्टरमधल्या कार्नेल टेटच्या टचडाउनचे. तो एक पास वगळा, मग १२ पासांत ८६ यार्ड उरतात, म्हणजे पासामागे सातच्या आसपास. जेरेमाया स्मिथसारखा रिसीव्हर हाताशी असून त्याच्या वाट्याला ६ कॅच आणि ४३ यार्ड! यात पोराची भीती दिसत नाही, प्लेच (कोचने ठरवलेल्या चाली) तसे बोलावले जात होते. समोर सीझनआधीच्या क्रमवारीतली नंबर वन टीम, आधी प्ले बोलावणारा चिप केली एनएफएलला (व्यावसायिक लीगला) गेल्यामुळे प्ले बोलवायचं काम ब्रायन हार्टलाइनकडे नवीन आलेलं. पहिल्या कसोटीत नवख्या सलामीवीराला ‘मारू नकोस, फक्त उभा राहा’ म्हणून पाठवतात, तसाच प्रकार. टेक्ससने ३३६ यार्ड काढले, आपण २०३, तरी १४-७ने जिंकलो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये टेक्ससच्या क्वार्टरबॅकला, आर्च मॅनिंगला, फोर्थ डाउनला (चौथ्या, शेवटच्या प्रयत्नाला) गोल लाइनच्या एक यार्डावर अडवलं, तिथेच गेम फिरला. आपल्या मॅट पॅट्रिशियाचा (डिफेन्सचा कोच) डिफेन्स असा उभा राहिल्यावर चेंडू न गमावणं एवढंच सेयिनचं काम होतं आणि ते त्याने चोख केलं. (आमच्याकडे बाराची किकऑफ आणि गणपतीची आरती एकदमच आली. आरती जरा द्रुत लयीत झाली, बाप्पा समजून घेईल.)

काळजी आहे ती वेगळीच. हॉवर्ड सहा फूट चार इंचांचा गडी, दोन यार्ड हवे असले की स्वतःच घुसायचा. सेयिन त्या बांध्याचा नाही, त्यामुळे थर्ड अँड शॉर्टला (तिसरा प्रयत्न, थोडेच यार्ड बाकी) सगळा भार ओ-लाइन (समोरच्यांना रोखणारी फळी) आणि रनिंग बॅक्सवर (चेंडू घेऊन धावणारे). ट्रेव्हियॉन हेंडरसन आणि क्विनशॉन जडकिन्स दोघेही एनएफएलला गेलेत. त्या जागी सी. जे. डोनाल्डसन, जेम्स पीपल्स वगैरे मंडळी आहेत. ठीक आहेत, पण ‘ठीक’च.

आता पुढचं. क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड गेल्यापासून आपल्याकडे दर वर्षी नवा माणूस आहे: २०२३ला काइल मॅकॉर्ड, जो मिशिगनकडून हरल्यावर सिरॅक्यूजला निघून गेला, २०२४ला कॅन्सस स्टेटहून आणलेला हॉवर्ड, आणि आता हा. सेयिन मूळचा कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबॅडचा. जानेवारी २०२४मध्ये अलाबामात दाखल झाला, तेवढ्यात तिथले कोच निक सेबन निवृत्त झाले आणि हा कोलंबसला, म्हणजे आपल्याकडे, आला. शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) जाता येत नाही, म्हणजे २०२७च्या आधी त्याला ती वाट नाही. पोर्टलचं (कॉलेज बदलायच्या वाटेचं) कुणी सांगावं, पण चॅम्पियन टीमचा स्टार्टर सहसा उठून जात नाही. तेव्हा स्ट्राउडनंतर पहिल्यांदाच सलग दोन सीझन एकच क्वार्टरबॅक मिळायची शक्यता आहे. मला या सीझनच्या निकालापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते. पाठीमागे लिंकन कीनहोल्झ आहे, शिवाय इथलाच, ओहायोतल्या बेलफाउंटनचा टॅव्हियन सेंट क्लेअर. म्हणजे सेयिनलाही निवांत बसता येणार नाही.

खरा कस २७ सप्टेंबर २०२५ला, सिअॅटलला वॉशिंग्टनविरुद्ध लागेल. बाहेरच्या मैदानावरची ही त्याची पहिली स्टार्ट, आणि तिथल्या गोंगाटात स्नॅप काउंट (चाल सुरू करायची हाक) ऐकू येत नाही. मग १ नोव्हेंबरला घरी पेन स्टेट आणि २९ नोव्हेंबरला मिशिगनचं अॅन आर्बर. मिशिगनकडून २०२१ ते २०२४ सलग चार वर्षं हरलो, २०२४ला तर घरच्या मैदानावर १३-१०. त्यानंतर टायटल जिंकूनही इथल्या लोकांचा राग पुरता गेलेला नाही, हे तुम्हाला ऑफिसात कळेलच.

या शनिवारी (६ सप्टेंबर २०२५) ग्रॅम्बलिंगविरुद्ध धावांचा, म्हणजे पॉइंट्सचा पाऊस पडेल. स्कोअर सोडा. फर्स्ट डाउनला (पहिल्या प्रयत्नाला) हार्टलाइन किती वेळा लांबचा पास बोलावतो तेवढं मोजा. पहिल्या हाफमध्येच ते दिसलं तर टेक्ससविरुद्धचा आखडता हात फक्त त्या दिवसापुरता होता असं समजायला हरकत नाही.