नागपुरात बहावा लवकर फुललेला दिसला तर त्याची नोंद कुठे करायची, आणि ती खरंच शास्त्रज्ञांच्या कामी येते का?

हो, नक्की येते, आणि त्यासाठी सीझनवॉच सगळ्यात बरं, कारण झाडांना पालवी, फुलं, फळं कधी येतात हे देशभरातल्या साध्या लोकांकडून नोंदवून घ्यायलाच तो प्रकल्प आहे. घराजवळचं एकच झाड ठरवा, दर आठवड्याला त्याच झाडाकडे बघा आणि फुलं नसली तर 'नाहीत' असंही लिहा, लोक नेमकं हेच सोडतात ना, मग बहर सुरू कधी झाला तेच कळत नाही.

सेमिनरी हिल्स, अंबाझरीकडे फिरताना नुसता फोटोच काढला असेल तर आयनॅचरलिस्ट या निसर्गातल्या नोंदींच्या ॲपवर टाका, तिथे ओळख पक्की झालेल्या नोंदी जीबीआयएफ या खुल्या साठ्यात जातात आणि जगात कोणालाही फुकट डाउनलोड करता येतात, फक्त नोंदीचं लायसन्स, म्हणजे ती इतरांना वापरायची परवानगी, 'सर्व हक्क राखीव' ठेवू नका, मग ती नोंद तिकडे जात नाही. अशा नोंदी वाया जात नाहीत हे पक्ष्यांच्या बाबतीत दिसलंच आहे, २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल ३० हजारांच्या आसपास पक्षीनिरीक्षकांच्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या नोंदींवर उभा आहे, ९४२ जातींचा.

पण एका वर्षी एक झाड लवकर फुललं म्हणजे हवामान बदलाचा पुरावा झाला असं नाही, रस्त्याकडेच्या झाडाला सिमेंटची धग लागते, बागेतल्याला पाणी मिळतं, म्हणून त्याच झाडाच्या बऱ्याच वर्षांच्या नोंदी लागतात.