नाताळला धार्मिक अर्थ उरलाय का, की आता नुसता केक, मॉल आणि सांता?

तुम्ही विचारलंय की नाताळला आता काही धार्मिक अर्थ राहिलाय की सगळं खरेदी आणि पार्टीवर आलंय, आणि खाली असंही जोडलंय की तुमच्या हिंदू घरात मुलीच्या हट्टासाठी ख्रिसमसचं झाड आणलं तर ख्रिस्ती माणसाला खटकेल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते. नाही खटकत. झाड आणा, केक आणा, तिला लाल टोपी घालू द्या. झाडाचा येशूच्या जन्मगावाशी, बेथलेहेमशी, तसाही संबंध नाही, ती रीत जर्मनीकडून पसरली, आमच्या आजीच्या घरात झाड कधी नव्हतंच.

पहिल्या प्रश्नावर मात्र मला नीट लिहायचंय, कारण तो आमच्या घरात एकदा उभा राहिला होता आणि त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

मी वसईची, कॅथलिक. बाबा वाडीवाले, केळी, मोगरा, पावसाळ्यात थोडा भात. आमच्या घरचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा छोटा देखावा, बाबा करायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. नुकत्याच झोडलेल्या भाताचा पेंढा, बांबूच्या कामट्या, खाकी कागदाला शाई फासून केलेले डोंगर, आणि बारा-तेरा डिसेंबरला करवंट्यांत माती घालून गहू पेरायचे म्हणजे चोवीसपर्यंत बोटभर हिरवळ तयार. मेंढपाळ, मेंढ्या, येशूचे आईबाप मारिया आणि योसेफ सगळे आधीच मांडलेले, पण गव्हाणी, म्हणजे गुरांना चारा घालायची जागा, रिकामी. बाळ येशू बाबांच्या कपाटात रुमालात गुंडाळलेला असायचा. मध्यरात्रीच्या मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, आल्यावर कपडेसुद्धा न बदलता ते तो काढायचे, गव्हाणीत ठेवायचे, आणि मगच आई करंज्यांचा डबा उघडायची. त्याआधी नाही, आम्ही कितीही रडलो तरी. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळच्या आधीचे, चार रविवार हे वाट बघण्याचे, चर्चमध्ये फादर जांभळ्या झग्यात, आणि घरातसुद्धा बाबा ते पाळायचे, नाताळची गाणी आधी लावलेली त्यांना चालायची नाहीत.

2009 साली नोव्हेंबरच्या शेवटी बाबा गेले.

आमच्याकडे रीत अशी की ज्या घरातलं माणूस गेलंय त्या घरात त्या वर्षी नाताळ करत नाहीत. दारात स्टारचा कंदील लावायचा नाही, कुलकुल (तळलेले गोड शंखाकार तुकडे) आणि करंज्या करायच्या नाहीत, नवे कपडे नाहीत. शेजारपाजारचे आणि नातेवाईक ताटं घेऊन येतात, म्हणजे घरातल्या पोरांचं तोंड गोड होतंच. या रीतीत माया आहे, मी तिच्याविरुद्ध नाही. दादानं सांगितलं, या वर्षी स्टार नाही, फराळ नाही, गोठा नाही. पहिल्या दोनला मी मान हलवली. गोठ्याचं ऐकलं आणि मी म्हटलं, गोठा का नाही?

तो म्हणाला, लोक काय म्हणतील, बापाला जाऊन महिना झाला नाही आणि पोरगी सजावट करत बसलीय.

सजावट हा शब्द मला अजून टोचतो. दादा चर्चच्या कामात असतो, पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे चर्चच्या समितीवर, होता, रोझरी (जपमाळेची प्रार्थना) चुकवत नाही, आणि त्याच्या मनात गोठा हा स्टार आणि लायटिंगच्या खात्यात जमा होता. मी त्याला तेव्हा जे सांगितलं ते इथं तुम्हाला सांगते, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझ्याकडे हेच उत्तर आहे.

बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूचरित्रात, काय आहे? जनगणनेसाठी गाव सोडून आलेलं जोडपं, बाई दिवस भरलेली, उतरायला जागा नाही, बाळ झालं ते गुरांच्या गव्हाणीत ठेवलं. मत्तयमध्ये तर त्या बाळाला घेऊन आईबाप रातोरात इजिप्तला पळतात आणि मागे हेरोद राजा बेथलेहेमची लहान मुलं मारून टाकतो. चर्चनं ही गोष्ट लपवलेली नाही. 25 ला नाताळ, लगेच 26 ला दगडांनी ठेचून मारलेल्या संत स्टीफनचा सण, आणि 28 ला त्या मारल्या गेलेल्या बाळांचा. ज्यांनी ही दिनदर्शिका लावली त्यांनी मरण सणाच्या अगदी कुशीत आणून ठेवलंय. मग ज्या घरात माणूस गेलंय त्या घरानं सण बंद कसा ठेवायचा, हा सण त्याच घरासाठी तर आहे! आणि गोठा मुळात असिसीच्या फ्रान्सिसचा, 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात त्यानं खरी गव्हाणी, गवत, बैल आणि गाढव आणून तिथे मिस्सा करवला. लोकांना त्या बाळाची गैरसोय, त्याचं दारिद्र्य डोळ्यांनी दिसावं म्हणून. त्यात सजावट कुठे आली?

दादा म्हणाला, तू फादरांना शिकव. आणि उठून गेला.

मी गोठा केला. पुढच्या खोलीत नाही, मागच्या पडवीत, जिथून रस्त्यावरून काही दिसत नाही. गहू पेरायचे राहून गेले होते, पेंढा मात्र बाबांनीच ऑक्टोबरात बांधून ठेवलेला, त्यातलाच घेतला. बाळ येशू कपाटात सापडला, रुमालात, एका हाताची बोटं तुटलेली, ती माझ्या लहानपणापासून तुटलेलीच आहेत. रात्री मिस्साहून आलो, सगळे गप्प, घरात कुठलाच डबा उघडायचा नव्हता. मी पडवीत जाऊन रुमाल सोडला आणि माझा हात पुढे होईना, ते बाबांचं काम होतं. तेवढ्यात मागून आई आली, काळ्या साडीत, तिनं माझ्या हातातून बाळ घेतलं, गव्हाणीत ठेवलं, पेंढा नीट केला जसा खऱ्या बाळाच्या अंगाखालचा करतात तसा, आणि तिथंच जमिनीवर बसून रडली. बाबा गेल्यापासून ती तोपर्यंत नीट रडली नव्हती. मी पण बसले. दादा दारातून बघून गेला, काही बोलला नाही. पुढे ईस्टरपर्यंत माझ्याशी नीट बोलला नाही आणि आजही विषय निघाला की म्हणतो, तू तेव्हा आईला रडवलंस.

आता तुमच्या खरेदीबद्दल. सांतावर माझा राग नाही. तो मूळचा मायराचा बिशप निकोलस, चौथ्या शतकातला, 6 डिसेंबर त्याचा सण. त्याची जी कथा सांगतात त्यात गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी तो रात्री गुपचूप पैसे टाकून जातो, कोणाला कळू न देता. त्याचं पुढे अमेरिकेत जे झालं ते झालं. मॉलवरही माझा फार राग नाही, दुकानदार दुकानदाराचं काम करतो. खाणंपिणं आणि धिंगाण्याचा वाद तर इतका जुना की इंग्लंडमध्ये 1647 साली प्युरिटनांच्या, म्हणजे कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंटांच्या, पार्लमेंटनं ख्रिसमस बंदच करून टाकला होता. माझा राग आमच्यावर आहे. गोठ्यांच्या स्पर्धा लागतात, त्यात पाण्याचे धबधबे, फिरणाऱ्या चक्क्या, धूर, आणि वरती पैसे देणाऱ्याचा फोटोवाला बॅनर बाळापेक्षा मोठा. एका ठिकाणी मला बाळ शोधावं लागलं, खरंच सांगते. डिसेंबर लागल्यापासून पार्ट्या सुरू, आगमनकाळ संपायच्या आत माणसं नाताळला कंटाळलेली, आणि 26 ला सगळं उतरवायची घाई, जेव्हा चर्चचा नाताळ नुकता कुठे सुरू झालेला असतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. हे मॉलनं केलं नाही, मॉल आमच्या घरात येऊन कोणाला सांगत नाही की करंज्या आठवडाभर आधी खा.

म्हणून अर्थ उरलाय का याची परीक्षा मला विचाराल तर अशी, त्या घरातून गोड, कपडे, लायटिंग सगळं काढून घ्या आणि बघा काही शिल्लक राहतं का. आमच्या घरात त्या वर्षी राहिलं होतं. दादाला ते अजून मान्य नाही.

काही गोष्टी राहिल्या. मी वसईच्या कॅथलिक घरातलं लिहितेय, नगर-जालन्याकडच्या प्रोटेस्टंट घरांत पद्धती वेगळ्या असतात, त्यांच्या वतीनं मी बोलत नाही. आणि खरेदी सरसकट वाईट असं धरू नका, माझी धाकटी वहिनी डिसेंबरात केक आणि कुलकुलच्या ऑर्डरी घेते, रात्री दोनपर्यंत उभी असते, तिच्या मुलाची कॉलेजची फी त्यातून जाते. गोड विकत आणून खाणाऱ्याची भक्ती कमी असंही माझं म्हणणं नाही. दुखवट्याची रीत मोडा असंही नाही, ज्याला झेपत नाही त्यानं अंधार करून बसावं, तो त्याचा हक्क आहे, फक्त दुसऱ्याच्या गोठ्याला सजावट म्हणू नये.

तुमच्या मुलीला जमलं तर 24 च्या रात्री जवळच्या चर्चमध्ये घेऊन जा. मागच्या बाकावर बसा, कोणी उठवत नाही, कोणी धर्म विचारत नाही. लोक उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. ख्रिस्तप्रसादाच्या, म्हणजे फादर पवित्र भाकर देतात त्या, रांगेत तेवढं जाऊ नका, तो बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असतो. मिस्सा संपल्यावर तिला गोठ्याजवळ नेऊन विचारा की बाळ कुठल्या वस्तूत झोपलंय. घरी गाय असलेल्या पोरांना आम्हाला ते सांगावं लागायचं नाही, शहरातल्या मुलांना गव्हाणी म्हणजे काय ते सांगावं लागेल.

यंदा दादाच्या सासूबाई सप्टेंबरात गेल्या, त्या शेवटची चार वर्षं त्याच्याच घरी होत्या. म्हणजे त्याच्याकडे स्टार लागणार नाही. बाबांचं शेत आता नाही, पण मी ओळखीतल्या एकाकडून पेंढ्याची पेंडी आणून ठेवलीय, करवंट्याही जमवल्यात. बाबांचा बाळ येशू माझ्याकडेच आहे, तो मी त्याच रुमालात गुंडाळून 24 ला सकाळी दादाच्या बायकोच्या हातात देणार आहे.