गटात पाच, राबते एकटीच

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. शाळेत पाच जणांत मिळून प्रकल्प देतात. मजकूर, चित्रं, तक्ता सगळं हीच रात्री जागून करते; गुण मात्र पाचांना सारखेच. आता म्हणते, "मला एकटीलाच प्रकल्प द्या." तिला समजवायचं कसं?
— एक आई, सातारा

उत्तर : तिला समजवू नका, तिचं बरोबर आहे. एकीला एका रात्रीत उरकेल एवढं काम पाचांना दिलं की चौघं सैल सोडतात. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान यांनी दोर ओढायला लावून हे मोजलं होतं (निष्कर्ष १९१३ साली छापले). माणसं वाढली तसा प्रत्येकाचा जोर घटला; आठ जणांत तो जवळपास निम्म्यावर आला. आपला हात ढिला पडला तरी कळत नाही, हे मुलांनाही पटकन उमगतं.

वर्गशिक्षकांशी बोला. गट चारचा करावा आणि काम असं तोडावं की एकाचा तुकडा दुसऱ्याकडे नसेल. विषय कृष्णा नदी असेल तर एकाला महाबळेश्वरचा उगम, दुसऱ्याला माहुलीचा वेण्णासंगम, तिसऱ्याला कराडचा कोयनासंगम, चौथ्याला हरिपूरचा वारणासंगम. आधी सगळ्या गटांतली 'कराडवाली' मुलं वीसेक मिनिटं एकत्र बसून आपला भाग पक्का करतात. मग आपापल्या गटात परतून प्रत्येकानं सात-आठ मिनिटं बाकीच्यांना शिकवायचं. शेवटी चारही भागांवर प्रत्येकाची वेगळी छोटी चाचणी. ही पद्धत मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी १९७१ साली अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत सुरू केली. वेळ नाही म्हणून पहिली बैठक गाळली की फसते: वाचनात मागे असलेलं मूल अर्धवट सांगतं आणि गट त्याच्यावरच चिडतो. निम्मे गुण स्वतःच्या चाचणीचे, निम्मे गटाचे ठेवावेत.

तोवर घरी एक पाळा. दुसऱ्याचा राहिलेला भाग मुलीनं भरायचा नाही. त्याच्या नावासह ती जागा कोरी जाऊ द्या. तक्ता अर्धा दिसेल, आपल्यालाच बघवणार नाही, पण हात घालू नका.

प्रश्न : मुलं नऊ आणि बारा वर्षांची. कामं वाटून दिली तरी 'त्याचं कमी, माझं जास्त' सुरूच.
— एक वडील, सांगली

उत्तर : वाटून दिलेली कामं म्हणजे दोन वेगळ्या रांगा, त्यात मोजमाप होणारच. दोघांशिवाय अडेल असं एकच काम द्या. चादरींच्या घड्या घाला. चपात्या करताना धाकट्यानं लाटाव्यात, थोरल्यानं मोठं माणूस जवळ असताना भाजाव्यात. दर आठवड्याला घड्या घालताना बाजू बदलाव्यात. चपात्यांत धाकट्याला तव्यापाशी जायची घाई नको. शेतावरची सावड मुलांना लगेच कळते: आज तुमच्या रानात, उद्या आमच्या.

सुरुवातीला लाटणारा भराभर लाटेल, कच्च्या चपात्या साठून एकमेकींना चिकटतील. तुम्ही मधे पडू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तव्यापाशी उभा असलेलाच म्हणेल, "थांब, ही होऊ दे."