लेक भामरागडला रुजू होतेय, सोबत काय देऊ?

प्रश्न : माझी लेक मेडिकलमधून एमबीबीएस झाली. बॉन्डच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या, वर्षासाठी तिने स्वतःहून गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यातले प्राथमिक आरोग्य केंद्र मागून घेतले. जुलैत रुजू होईल. ऊर भरून येतो आणि झोपही लागत नाही. सोबत काय द्यावे? फोन लागला नाही तर काय करावे?
– एक आई, नागपूर

उत्तर : ताई, आधी पेढे वाटा. ‘पोरीला तिकडे कशाला पाठवता’ म्हणणाऱ्यांनाही द्या. जिथे डॉक्टरची खरी गरज आहे, तिथे ती आपणहून चालली आहे.

सामानात पहिली वस्तू मच्छरदाणी, कीटकनाशकभारित आणि पलंगापेक्षा ऐसपैस. जाळीला हात-पाय टेकला की डास बाहेरूनच चावतो. कडा गादीखाली खोचायच्या. बांधायला दहा मीटर नाडी द्या. धुवायची ती तीन-चार महिन्यांतून एकदा, साध्या साबणाने, आणि वाळवायची सावलीत, कारण उन्हाने औषधाचा जोर जातो. गडचिरोलीत फाल्सिपेरम हा मलेरियाचा गंभीर प्रकार आहे, तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. म्हणून इथे काटकसर नको.

खाऊ बेताने द्या. तांदूळ तिकडे मिळतो, तो इथून नेऊ नये. कणीक दोन-तीन किलोच द्या. पावसाळी दमट हवेत तिला लवकर अळ्या पडतात. रवा कोरडा भाजून, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरला तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. सरगुंडे (गव्हाच्या पिठाचे वाळवण), मूगवड्या, मेतकूट, तिखट टिकतात. चिवड्यात तळलेले खोबरे घालू नका, आधी तेच खवट होते. पंधरा दिवस बाजार नसला तरी भागेल, एवढा कोरडा शिधा तिच्या खोलीत कायम असावा.

त्याचे कारण पर्लकोटा. ही नदी भामरागडच्या वेशीवरच आहे. इंद्रावतीला पूर आला की हिचेही पाणी फुगते. पूल पाण्याखाली जाऊन गावाचा संपर्क तुटल्याचे भामरागडने अनेकदा पाहिले आहे. टीव्हीवर तशी बातमी दिसली की लगेच घाबरू नका. बहुतेक वेळा रस्ता बंद असतो, माणसे आपापल्या जागी सुखरूप असतात.

फोनचे आताच ठरवा : आठवड्यातून दोन वार, रात्री आठ वाजता. सिम कुठले चालते ते केंद्रातल्या माणसांनाच विचारा. कॉल लागत नसला तरी साधा एसएमएस कधी कधी जातो. ‘ठीक आहे’ एवढे दोन शब्द पुरेत. एक वार चुकला तर थांबा. दोन्ही चुकले तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. तो नंबर कागदावर लिहून फ्रीजवर लावा. दिवसा ओपीडीच्या वेळी मात्र फोन नको, समोर कोणाचे तरी तापलेले लेकरू असते. वीज जाते म्हणून २०,००० एमएएचची पॉवर बँक द्या. चार्ज करताना बरीच वीज वाया जाते, त्यामुळे ५,००० एमएएचचा फोन तिच्यावर साधारण अडीच वेळा भरतो.

आणि दिवाळीला ती घरी आली आणि अंग तापले, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून सोडू नका. डास चावल्यावर ताप यायला आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. डॉक्टर मंडळीच स्वतःचा ताप अंगावर काढतात. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या, आणि ती भामरागडहून आली आहे हे तपासणाऱ्याला आधी सांगा.